हान्स श्वेर्टे

हान्स श्वेर्टे (मूळ नाव: हान्स एर्न्स्ट श्नायडर, जन्म: क्योनिग्सबर्ग, १५ डिसेंबर १९०९, मृत्यू: मार्क्वार्टश्टाइन, बव्हेरिया, १८ डिसेंबर १९९९) हे जर्मन साहित्याचे प्राध्यापक, समीक्षक आणि विद्यापीठ-प्रशासक होते. पश्चिम जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात ते १९६५पासून आधुनिक जर्मन साहित्याचे प्राध्यापक आणि १९७० ते १९७३ या काळात कुलगुरू होते. 'फाउस्ट' या व्यक्तिरेखेभोवती जर्मन राष्ट्रवादाने रचलेल्या मिथकाची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ जर्मन साहित्याच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

एप्रिल १९९५मध्ये असे उघड झाले की, श्वेर्टे हे नाव आणि त्यासोबत सांगितला जाणारा पूर्वेतिहास बनावट असून ही व्यक्ती प्रत्यक्षात नाझी राजवटीतील एस.एस. या संघटनेचे अधिकारी हान्स एर्न्स्ट श्नायडर ही होय. सुमारे पन्नास वर्षे हे गुपित राहिले होते. या घटनेमुळे एका व्यक्तीच्या फसवणुकीबरोबरच युद्धोत्तर जर्मन विद्यापीठांच्या मौनाचा प्रश्नही चर्चेत आला. जर्मनीत हे प्रकरण 'श्नायडर-श्वेर्टे प्रकरण' म्हणून ओळखले जाते.

प्रस्तुत लेखात १९४५पर्यंतच्या काळासाठी 'श्नायडर' आणि त्यानंतरच्या काळासाठी 'श्वेर्टे' हे नाव वापरले आहे.

जन्म आणि शिक्षण

श्नायडर यांचा जन्म पूर्व प्रशियाची राजधानी असलेल्या क्योनिग्सबर्ग येथे झाला. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. क्योनिग्सबर्ग, बर्लिन आणि व्हिएन्ना येथील विद्यापीठांत त्यांनी साहित्य, कला आणि नाट्य या विषयांचा अभ्यास केला. ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आल्यानंतर १९३३मध्ये ते एस.ए. या निमलष्करी संघटनेत, तर १९३७मध्ये एस.एस. आणि नाझी पक्षात दाखल झाले. एस.एस.मध्ये ते पुढे हाउप्टश्टुर्मफ्युरर या हुद्द्यापर्यंत पोहोचले. हा हुद्दा सैन्यातील कॅप्टनच्या बरोबरीचा होता.

'आनेनएर्बे'मधील कार्य

'आनेनएर्बे' (शब्दशः 'पूर्वजांचा वारसा') ही संस्था एस.एस.चा प्रमुख हाइनरिश हिमलर याच्या पुढाकाराने १९३५मध्ये स्थापन झाली. पुरातत्त्व, लोकविद्या, भाषाशास्त्र अशा विषयांच्या अभ्यासातून जर्मन वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. युद्धकाळात याच संस्थेच्या छत्राखाली छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष वैद्यकीय प्रयोगही करण्यात आले. संस्थेचा व्यवस्थापक वोल्फ्राम झिवर्स याला न्यूर्नबर्ग येथील डॉक्टरांच्या खटल्यात मृत्युदंड झाला आणि १९४८मध्ये त्याला फाशी देण्यात आली.

मे १९४०मध्ये जर्मनीने नेदरलँड्स जिंकल्यानंतर श्नायडर यांची नेमणूक हेग येथे आनेनएर्बेचे प्रतिनिधी म्हणून झाली. 'जर्मनिक' वंशाचे मानल्या गेलेल्या देशांतील विद्वान, लेखक आणि नियतकालिके यांना नाझी विचारांकडे वळवणे आणि अनुकूल माणसांचे जाळे उभारणे हे त्यांचे काम होते. या उपक्रमाला 'जर्मनिक विज्ञान-मोहीम' असे नाव होते. १९४२नंतर श्नायडर बर्लिनहून या मोहिमेचे काम पाहू लागले. नेदरलँड्स, बेल्जियमचा फ्लेमिश भाग, डेन्मार्क आणि नॉर्वे हे देश तिच्या कक्षेत येत.

डच विद्यापीठांसाठी हा काळ कसोटीचा होता. ज्यू प्राध्यापकांना बडतर्फ केल्याच्या निषेधार्थ लायडन विद्यापीठातील विधिशाखेचे अधिष्ठाता रुडॉल्फ क्लेव्हरिंगा यांनी २६ नोव्हेंबर १९४० रोजी जाहीर भाषण केले. त्यानंतर क्लेव्हरिंगा यांना अटक झाली आणि विद्यापीठ बंद करण्यात आले. श्नायडर यांचे कार्य अशा परिस्थितीत चालू होते.

श्नायडर यांच्यावरील सर्वांत गंभीर आरोप याच काळाशी संबंधित आहे. डाखाउ छळछावणीत झिग्मुंड राशर हा डॉक्टर कैद्यांना अतिशीत पाण्यात किंवा अत्यल्प हवेच्या दाबात ठेवून प्रयोग करीत असे. या प्रयोगांत अनेक कैदी मरण पावले. आनेनएर्बेच्या वैद्यकीय संशोधनासाठी डच संस्थांमधून उपकरणे मिळवण्याच्या व्यवहारात श्नायडर यांचा सहभाग होता, असे कागदपत्रांवरून दिसते. ती उपकरणे कशासाठी हवी होती हे आपणास ठाऊक नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. या संदर्भात १९९५नंतर झालेली फौजदारी चौकशी पुराव्याअभावी बंद करण्यात आली.

नामांतर

मे १९४५मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. एस.एस.च्या अधिकाऱ्यांना पकडून नजरकैदेत ठेवण्याचे दोस्त राष्ट्रांचे धोरण होते आणि १९४६मध्ये न्यूर्नबर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ही संघटना गुन्हेगारी संघटना असल्याचे घोषित केले. युद्धाच्या अखेरीस उत्तर जर्मनीतील ल्युबेक येथे श्नायडर यांनी नवी ओळखपत्रे मिळवली. त्यांनुसार त्यांचे नाव हान्स श्वेर्टे, जन्मस्थान हिल्डेसहाइम आणि जन्मतारीख ३ ऑक्टोबर १९१० अशी झाली.

पुढे त्यांच्या पत्नीने हान्स एर्न्स्ट श्नायडर मृत असल्याचे कायदेशीररीत्या घोषित करवून घेतले. १९४७मध्ये श्वेर्टे यांनी या 'विधवे'शी, म्हणजे स्वतःच्याच पत्नीशी, नव्या नावाने पुन्हा विवाह केला. आपण तिच्या दिवंगत पतीचे दूरचे नातेवाईक आहोत असे ते सांगत. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी दत्तक घेतले.

युद्धानंतर खोट्या नावाने राहणाऱ्या व्यक्तींची संख्या मोठी होती. पश्चिम जर्मनीच्या संसदेने १९४९ आणि १९५४मध्ये संमत केलेल्या माफीच्या कायद्यांत, अशा व्यक्तींनी ठरावीक मुदतीत स्वतःहून खरी ओळख जाहीर केल्यास नाव लपवल्याबद्दल शिक्षा न करण्याची तरतूद होती. श्वेर्टे यांनी या दोन्ही संधींचा लाभ घेतला नाही. तोपर्यंत त्यांच्या विद्यापीठीय जीवनाची उभारणी नव्या नावावर सुरू झाली होती.

एर्लांगेनमधील काळ

श्वेर्टे यांनी बव्हेरियातील एर्लांगेन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. कवी रायनर मारिया रिल्के यांच्या काव्यातील कालसंकल्पनेवर प्रबंध लिहून त्यांनी १९४८मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते साहित्येतिहासकार हाइन्झ ओटो बुर्गर यांचे सहायक म्हणून काम करू लागले.

१९५४मध्ये श्वेर्टे आणि विल्हेल्म श्पेंगलर यांनी संपादित केलेला 'आजच्या युरोपातील विचारवंत आणि भाष्यकार' हा चरित्रात्मक लेखांचा द्विखंडात्मक संग्रह प्रसिद्ध झाला. श्पेंगलर हेही एस.एस.च्या गुप्तवार्ता विभागात सांस्कृतिक बाबींचे वरिष्ठ अधिकारी राहिलेले होते. युद्धापूर्वीचे संबंध युद्धानंतरही कसे टिकून होते, याचे उदाहरण म्हणून अभ्यासक या ग्रंथाकडे पाहतात. 'जर्मनिक' ऐक्याची भाषा येथे 'युरोपीय' ऐक्याच्या भाषेत रूपांतरित झाली, असेही मत मांडले गेले आहे.

जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकपदासाठी त्या काळी डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध सादर करून अध्यापनाची पात्रता सिद्ध करावी लागत असे. या पात्रतेला 'हाबिलिटात्सियोन' म्हणतात. श्वेर्टे यांनी ती १९५८मध्ये मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय फाउस्ट हा होता. एर्लांगेनमध्ये त्यांनी साहित्याबरोबरच नाट्यशास्त्राच्या अध्यापनाचीही जबाबदारी सांभाळली.

'फाउस्ट आणि फाउस्टीय वृत्ती'

वरील प्रबंध १९६२मध्ये श्टुटगार्ट येथून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'फाउस्ट आणि फाउस्टीय वृत्ती: जर्मन विचारसरणीतील एक प्रकरण' असा आहे.

सैतानाशी करार करून ज्ञान आणि सुख मिळवू पाहणाऱ्या डॉक्टर फाउस्टची कथा १५८७मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापल्या गेलेल्या एका लोकप्रिय पुस्तकातून सर्वत्र पसरली. त्या पुस्तकात फाउस्ट हा पापाचा धडा होता. योहान वोल्फगांग गटे यांनी आपल्या दोन भागांच्या नाटकात (पहिला भाग १८०८, दुसरा १८३२) या कथेला विश्वव्यापी अर्थ दिला. तथापि गटे यांच्या नाटकातही फाउस्टच्या हातून निरपराधांचा नाश होतो आणि त्याचे कर्तृत्व संशयातीत राहत नाही.

श्वेर्टे यांनी 'फाउस्टीय' या विशेषणाचा इतिहास बारकाईने तपासला. आरंभी हा शब्द प्रामुख्याने अतिरेक, असमाधान आणि मर्यादाभंग या दोषांसाठी वापरला जात असे. १८७१मध्ये जर्मन साम्राज्याची स्थापना झाल्यानंतर त्याला राष्ट्रीय गौरवाचा अर्थ प्राप्त झाला. सतत पुढे झेपावणारा आणि कृतीसाठी कोणतीही किंमत मोजणारा फाउस्ट हा जर्मन मनुष्याचा आदर्श ठरवला गेला. ओस्वाल्ड श्पेंगलर यांनी 'पश्चिमेचा ऱ्हास' या ग्रंथात संपूर्ण पाश्चात्त्य संस्कृतीलाच 'फाउस्टीय' म्हटले आणि नाझी काळात या आदर्शाचा प्रचारासाठी उपयोग झाला. हा अर्थ गटे यांच्या साहित्यकृतीत नसून वाचकांनी आणि विचारवंतांनी तो तिच्यावर लादला, असे श्वेर्टे यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आल्ब्रेख्ट ड्युरर यांच्या 'योद्धा, मृत्यू आणि सैतान' (१५१३) या ताम्रपट-मुद्राचित्राचे असेच राष्ट्रवादी अर्थारोपण कसे झाले, हे दाखवले आहे.

साहित्यकृतीपेक्षा तिच्या वाचनाचा इतिहास अभ्यासणारी आणि साहित्याभ्यासातील राष्ट्रवादाची चिकित्सा करणारी ही पद्धत त्या काळी नवी होती. म्युनिक येथे १९६६मध्ये भरलेल्या जर्मन भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात एबरहार्ड लेमर्ट, कार्ल ऑटो कॉनराडी, वाल्टर किली आणि पेटर फॉन पोलेंत्स यांनी आपल्या विद्याशाखेच्या नाझीकालीन भूमिकेवर उघड व्याख्याने दिली. त्याच्या चार वर्षे आधी प्रसिद्ध झालेला श्वेर्टे यांचा ग्रंथ या आत्मपरीक्षणाच्या प्रवाहातील एक आरंभीचे पाऊल मानला गेला. ज्या विचारसरणीची चिकित्सा यात केली आहे तिच्या प्रसारात लेखकाने स्वतः भाग घेतला होता, हे तेव्हाच्या वाचकांस ठाऊक नव्हते.

आखेनमधील अध्यापन आणि कुलगुरुपद

१८७०मध्ये सुरू झालेली आखेन येथील शिक्षणसंस्था प्रामुख्याने अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध आहे. १९६५मध्ये तेथे मानव्यविद्यांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली आणि त्याच वर्षी श्वेर्टे यांची आधुनिक जर्मन साहित्याच्या प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. तंत्रशिक्षणाच्या संस्थेत साहित्याचा विभाग रुजवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

१९६८च्या सुमारास पश्चिम जर्मनीतील विद्यापीठांत विद्यार्थी आंदोलनांनी जोर धरला. प्राध्यापकांची मक्तेदारी संपवून विद्यार्थी आणि कनिष्ठ अध्यापकांना निर्णयप्रक्रियेत स्थान द्यावे, तसेच मागील पिढीने नाझी काळातील आपल्या वर्तनाचा हिशेब द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या वातावरणात श्वेर्टे उदारमतवादी, सुधारणांना अनुकूल आणि विद्यार्थ्यांशी संवाद साधणारे प्राध्यापक म्हणून ओळखले जात. १९७०मध्ये, संस्थेच्या शताब्दी वर्षात, ते कुलगुरू झाले. अभियंत्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी साहित्याच्या प्राध्यापकाची निवड होणे ही लक्षणीय गोष्ट होती. १९७३पर्यंत ते या पदावर राहिले.

त्यानंतर नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्याच्या शासनाने त्यांच्याकडे राज्यातील विद्यापीठांचे नेदरलँड्स आणि बेल्जियममधील विद्यापीठांशी संबंध वाढवण्याची जबाबदारी सोपवली. आखेन हे शहर या तीन देशांच्या सीमेवर वसलेले असल्याने आणि श्वेर्टे यांना तेथील विद्वज्जगताची चांगली जाण असल्याने ही निवड उचित मानली गेली. तीस वर्षांपूर्वी, जर्मन कब्जाच्या काळात, याच दोन देशांतील विद्वानांशी संपर्क ठेवण्याचे काम ते एस.एस.साठी करीत होते. १९७८मध्ये प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यानंतरही १९८१पर्यंत त्यांनी हे काम सांभाळले.

आखेन विद्यापीठाने त्यांना मानद सिनेट-सदस्यत्व दिले. १९८३मध्ये जर्मन प्रजासत्ताकाचा 'बुंडेसफर्डीन्स्टक्रॉइत्स' हा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. बेल्जियमनेही त्यांचा मानपदक देऊन गौरव केला.

सत्य उघडकीस येणे

१९९०च्या दशकाच्या आरंभी आखेनमध्ये श्वेर्टे यांच्या पूर्वायुष्याविषयी शंका व्यक्त होऊ लागल्या. नाझी काळातील संस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना श्नायडर हे नाव परिचित होते. अमेरिकन रोमान्स-भाषाभ्यासक अर्ल जेफ्री रिचर्ड्स यांनी या दोन नावांमागे एकच व्यक्ती असल्याच्या संशयाचा पाठपुरावा केला. पुढे डच दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी या प्रकरणाचा शोध घेतला. त्यांचा कार्यक्रम प्रसारित होणार असल्याचे लक्षात आल्यावर एप्रिल १९९५च्या अखेरीस श्वेर्टे यांनी स्वतःच अधिकाऱ्यांपुढे आपली खरी ओळख मान्य केली. त्या वेळी ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. आखेनच्या संस्थेचे ते सव्वाशेवे वर्ष होते.

परिणाम

खरी ओळख लपवून नियुक्ती मिळवल्याच्या कारणावरून राज्य शासनाने श्वेर्टे यांची प्राध्यापकपदावरील नियुक्ती मागे घेतली. त्यामुळे 'प्राध्यापक' ही उपाधी आणि निवृत्तिवेतन दोन्ही गेले. आखेन विद्यापीठाने मानद सिनेट-सदस्यत्व रद्द केले आणि राष्ट्रीय सन्मानही परत घेण्यात आला. एर्लांगेनची डॉक्टरेट मात्र कायम राहिली. नाव खोटे असले तरी प्रबंध त्यांनी स्वतः लिहिलेला होता.

राज्य शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने या प्रकरणाची आणि त्यामागील परिस्थितीची चौकशी केली. इतिहासकार बेर्न्ड-ए. रुसिनेक यांनी लिहिलेला आयोगाचा अहवाल १९९६मध्ये प्रसिद्ध झाला.

श्वेर्टे यांनी दिलेल्या मुलाखतींत आपली बाजू मांडली. १९४५नंतर आपण विचारांनी पूर्णपणे बदललो, आपल्या लेखनातून आणि अध्यापनातून लोकशाहीची सेवा केली आणि अशा रीतीने स्वतःच स्वतःचे 'नाझीमुक्तीकरण' केले, असा त्यांचा दावा होता. 'नाझीमुक्तीकरण' ही दोस्त राष्ट्रांनी युद्धानंतर राबवलेली अधिकृत प्रक्रिया होती. तीत प्रत्येकाला प्रश्नावली भरून आपल्या पूर्वीच्या वर्तनाचा जाब द्यावा लागे. टीकाकारांनी निदर्शनास आणून दिले की, अशी प्रक्रिया दुसऱ्यांसमोर आणि खऱ्या नावानेच होऊ शकते. आरोपीने स्वतःच न्यायाधीश होणे हे तिच्या मूळ अर्थाशी विसंगत आहे. आनेनएर्बेच्या कार्यामुळे ज्यांना यातना भोगाव्या लागल्या त्यांच्याविषयी या मुलाखतींत फारसे बोलले गेले नाही, हाही टीकेचा मुद्दा होता.

आयुष्याची अखेरची वर्षे श्वेर्टे यांनी बव्हेरियात व्यतीत केली. नव्वदाव्या वाढदिवसानंतर तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

या प्रकरणावर जर्मनीत मोठ्या प्रमाणावर लेखन झाले. त्यात दोन प्रमुख भूमिका दिसतात.

राज्यशास्त्रज्ञ क्लाउस लेगेवी यांनी 'श्नायडरपासून श्वेर्टेपर्यंत' (१९९८) या चरित्रग्रंथात, इतिहासापासून शिकू इच्छिणारा माणूस म्हणून त्यांचे चित्र रेखाटले. लेगेवी यांच्या मते श्वेर्टे यांचे परिवर्तन केवळ सोंग मानता येत नाही. त्यांचा प्रवास हा पश्चिम जर्मनीच्याच लोकशाहीकडील प्रवासाचे, त्यातील मौनासह, प्रतिबिंब आहे.

आखेन येथील भाषाशास्त्रज्ञ लुडविग येगर यांनी त्याच वर्षीच्या 'बाजूबदल' या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. त्यांनी श्नायडर आणि श्वेर्टे यांच्या लेखनातील सातत्याकडे लक्ष वेधले. जर्मन साहित्याच्या विद्याशाखेने पाळलेले सोयीस्कर मौन हा त्यांच्या ग्रंथाचा दुसरा विषय आहे. एकमेकांच्या भूतकाळाविषयी न विचारण्याच्या संकेतामुळेच असे जीवन शक्य झाले, असे त्यांचे म्हणणे आहे.

या संदर्भात बुर्गर यांचे उदाहरण बोलके आहे. १९६३मध्ये फ्रँकफुर्ट विद्यापीठाच्या कुलगुरुपदासाठी त्यांची निवड झाली होती, पण नाझी काळातील त्यांच्या लेखनावर टीका झाल्याने त्यांनी माघार घेतली. बुर्गर यांचे नाव आणि जुने लेखन लोकांसमोर होते, म्हणून त्यांना जाब विचारता आला. त्यांच्या एकेकाळच्या सहायकाला सात वर्षांनी तसेच पद मिळाले, कारण त्याचे नावच वेगळे होते.

हा विषय श्वेर्टे यांच्यापुरता संपला नाही. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन साहित्याभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय चरित्रकोशात वाल्टर येन्स, पेटर वाप्नेव्स्की आणि वाल्टर होलरर या ख्यातनाम अभ्यासकांच्या नावे नाझी पक्षाच्या सदस्यत्वाची नोंदपत्रे असल्याचे नमूद झाले आणि पुन्हा चर्चा सुरू झाली. तरुणपणीचे पक्षसदस्यत्व आणि एस.एस.च्या अधिकाऱ्याने घेतलेली खोटी ओळख या गोष्टी एकाच पातळीवरच्या नाहीत. तरीही दोन्हींत विचारला गेलेला प्रश्न समान होता: इतकी वर्षे हे सांगितले का गेले नाही?

फाउस्टविषयक ग्रंथाचे स्थान काय मानावे, हा प्रश्न अभ्यासकांपुढे कायम आहे. त्यातील शब्देतिहासाचा भाग लेखकाच्या चरित्रावर अवलंबून नसल्याने आजही उपयुक्त मानला जातो. मात्र १९९५नंतर तो एका नव्या दृष्टीनेही वाचला जातो. राष्ट्रवादी मिथकाची चिकित्सा हा लेखकाचा अप्रत्यक्ष कबुलीजबाब होता, की स्वतःचा उल्लेख टाळून त्या मिथकापासून अलग होण्याचा मार्ग, याविषयी मतभेद आहेत.

प्रमुख ग्रंथ (मराठी अर्थासह)

• 'डेंकर उंड डॉयटर इम हॉयटिगेन ऑयरोपा' (आजच्या युरोपातील विचारवंत आणि भाष्यकार), विल्हेल्म श्पेंगलर यांच्यासह संपादित, दोन खंड, १९५४
• 'फाउस्ट उंड दास फाउस्टिशे' (फाउस्ट आणि फाउस्टीय वृत्ती), १९६२